प्रतिपक्षाचे ऋण



कै. सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ योजलेल्या या व्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी कृतज्ञ आहे. सुदामानगरात मराठी व्याख्यानाला एवढा श्रोतृवर्ग लाभावा, हे इंदूरच्या लौकिकास साजेसेच आहे. मराठी साहित्य संमेलन या नगरीने १९१७, १९३५ आणि २००१ असे तीनदा भरविले. त्याच १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनही येथे भरले आणि महात्मा गांधी त्याचे अध्यक्ष होते. दोन भाषा एकमेकींचा संकोच न करता नांदल्या, असे हे गाव आहे.

भाषण ही शिकण्याची विद्या आहे, ही जाणीव आपल्याकडे जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालविणाऱ्या संस्थेचे नावच मुळी ‘वक्तृत्वोत्तेजक सभा’. वक्तृत्व हे केवळ जन्मजात देणे नव्हे, त्याला उत्तेजन द्यावे लागते, हा विश्वास त्या नावातच आहे.

परंतु वक्तृत्व आणि वादविवाद यांत भेद आहे. वक्त्याला श्रोते हवेत. वादपटूला प्रतिपक्षही हवा. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छल करूनही होतो तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता समोरच्याचे खंडन करीत राहणे ही वितंडा. स्पर्धेत ढाल मिळवायची असते, त्यामुळे स्पर्धा स्वभावतःच जल्पाकडे झुकते. तिला वादाच्या वाटेवर कसे आणावे, हा आपल्यापुढील खरा प्रश्न आहे.

आजचे सर्वसाधारण दृश्य आपणांस ठाऊक आहे. भाषण घरच्या वडीलधाऱ्यांनी किंवा बाईंनी लिहून दिलेले असते. मुलाने ते हातवाऱ्यांसह घोकलेले असते. प्रतिस्पर्धी काय बोलला याच्याशी त्याला कर्तव्य नसते, कारण त्याचे उत्तरही आधीच पाठ झालेले असते. दोष मुलांचा नाही, रचनेचा आहे. समर्थांनी दासबोधात श्रोत्याच्या अवलक्षणांवर एक स्वतंत्र समास लिहिला. आपल्या गुणपत्रिकेत मात्र श्रवणाला एकही रकाना नाही!

१९८८ पासून शालेय संघांची जागतिक वादविवाद स्पर्धा होते. तिच्यात एका बाजूचे तीन वक्ते प्रत्येकी आठ मिनिटे बोलतात. काही विषय आधी कळतात, तर काही अवघा एक तास अगोदर. बोलणाऱ्याला प्रतिपक्ष मध्येच प्रश्न विचारू शकतो. तेथे पाठांतर फार काळ टिकत नाही, ऐकावेच लागते.

कोणी विचारील, चिठ्ठी टाकून पक्ष ठरविला आणि मुलाला न पटणारी बाजू मांडावी लागली, तर आपण त्याला अप्रामाणिकपणा शिकवीत नाही काय? आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण आपल्या भाष्यकारांनी सिद्धान्तापूर्वी पूर्वपक्ष मांडला, तो दुबळा करून नव्हे, सबळ करून. दुसऱ्याचे म्हणणे त्याच्याच तोलाने मांडता येणे ही अप्रामाणिकता नसून न्यायबुद्धी आहे. मात्र विषय निवडणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे : ज्याच्या दोन्ही बाजूंना विचारी माणूस उभा राहू शकेल, असाच विषय द्यावा. माणसाच्या प्रतिष्ठेचा लिलाव वादासाठीही करू नये.

आता आपल्या इंदूरविषयी. येथील मराठी मूल बहुधा हिंदीत किंवा इंग्रजीत शिकते. ‘जेवायला ये’, ‘लवकर परत ये’ एवढे मराठी घरात टिकते. पण त्याला आईवडिलांशी मतभेद मांडायचा असला, की ते नकळत दुसऱ्या भाषेत शिरते. ज्या भाषेत नाही म्हणता येत नाही, ती भाषा हळूहळू केवळ लाडाची उरते. म्हणून या स्पर्धेत मराठीची एक आयत्या वेळची फेरी असावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कोणी ‘मी विचार करून राहिलो आहे’ असे म्हणाला, तर परीक्षकांनी गुण कापू नयेत. ते आपल्या मातीचे मराठी आहे, मुद्दा पारखावा.

शेवटी एक आदर्श. येथून जवळच, महू येथे १८९१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. घटनेच्या मसुद्यावर सुमारे ७,६३५ उपसूचना आल्या आणि त्यांपैकी २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी ह. वि. कामत, पंजाबराव देशमुख आदी विरोधी सूर लावणाऱ्या सभासदांचा नावानिशी उल्लेख केला. त्यांच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचे मोल उणावत नाही, त्यांच्यामुळेच घटनेमागील तत्त्वे उलगडून सांगण्याची संधी मिळाली, असा त्यांचा आशय होता. जिंकलेल्या पक्षाने प्रतिपक्षाचे ऋण मान्य करण्याचे याहून थोर उदाहरण मला ठाऊक नाही.

विद्यार्थिमित्रांनो, आज ढाल कोणत्याही शाळेला मिळो. ती स्वीकारताना विजयी संघाने प्रतिपक्षाचा सर्वांत बिनतोड मुद्दा कोणता होता, तो एका वाक्यात सांगावा. तो सांगता आला, तर तुम्ही खरोखर ऐकलेत असे समजेन. आणि सरांच्या स्मृतीला याहून उचित अभिवादन कोणते असणार?