‘थॉमस’ हें नांव कोणाचें?



बाप्तिस्म्यासाठीं मूल घेऊन येणाऱ्या आईबापांकडून एक प्रश्न आम्हांस वारंवार ऐकूं येतो. “फादर, थॉमस नांव ठेवावें अशी आजीची इच्छा आहे, पण तें पडलें इंग्रजांचें नांव. किल्लारीच्या शाळेंत पोरें परका म्हणून चिडवतील, त्याचें काय?” हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. नांव हें अंगरख्याप्रमाणें संध्याकाळीं खुंटीला टांगतां येत नाहीं. म्हणून तें मुळांत कोणाचें, याची जुबिलीच्या निमित्तानें थोडी चौकशी करूं.

नांव इंग्रजी नव्हेच. अरामी भाषेंत, म्हणजे आपला प्रभु घरीं जी भाषा बोलत असे तींत, ‘तोमा’ म्हणजे जुळा. संत योहानानें आपल्या शुभवर्तमानांत त्याच अर्थाचा ग्रीक शब्द ‘दिदुम’ शेजारीं दिला आहे. आपल्या खेड्यांत ज्याला जांवळा म्हणतात तोच हा शब्द. नांव नव्हे, ओळखीची खूण. सुरियानी परंपरेंत या प्रेषिताचें खरें नांव यहूदा असें सांगतात. त्याचें जोडीचें भावंड कोण, हें मात्र पवित्र शास्त्र सांगत नाहीं.

इंग्लंडांत हें नांव पाहुणें म्हणून गेलें. १०६६ सालीं नॉर्मनांनीं तो देश जिंकला, त्यापूर्वीं तें तेथें बहुधा धर्मगुरूंपुरतेंच होतें. पुढें २९ डिसेंबर ११७० रोजीं कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस बेकेट यांचा त्यांच्याच महामंदिरांत राजाच्या सरदारांनीं वध केला. ११७३ मध्यें त्यांना संतपद मिळालें, आणि मग घरोघर पाळण्यांत थॉमस दिसूं लागले. आठव्या हेन्रीनें १५३५ मध्यें थॉमस मोर यांचें मस्तक उतरविलें; १५३८ मध्यें बेकेट यांची समाधि मोडून त्यांचें नांव प्रार्थनापुस्तकांतून खोडविलें. राजाज्ञेनें पुस्तकांतलें नांव गेलें, पाळण्यांतलें गेलें नाहीं. तें इतकें सर्रास झालें कीं, आपण जसें ‘सोम्यागोम्या’ म्हणतों तसें इंग्रज ‘टॉम, डिक, हॅरी’ म्हणूं लागले. गोऱ्या शिपायालाहि ‘टॉमी’ म्हणत, आणि आपल्या गल्लींतल्या कुत्र्यालाहि तेंच नांव मिळालें! प्रेषिताचा अपमान करावा असा कोणाचा हेतु नव्हता, म्हणून आपण तें सोडून द्यावें. अगदीं अलीकडे, १९९४ सालीं, इंग्लंड व वेल्स येथें नवजात मुलग्यांच्या नांवांत थॉमसच पहिलें होतें.

आपल्या देशाशीं या नांवाची ओळख बेकेटांच्या काळाहून पुष्कळ जुनी. केरळच्या परंपरेप्रमाणें प्रेषित थोमा सन ५२ मध्यें कोडुंगल्लूरला उतरले आणि मैलापूरला रक्तसाक्षी झाले. सनावळीविषयीं विद्वानांनीं खुशाल वाद घालावा. त्यांच्या नांवानें ओळखली जाणारी मंडळी तेथें शतकानुशतकें नांदत आहे. केरळांतील उम्मन, माम्मन हीं याच नांवाचीं रूपें. पोर्तुगीजांनीं त्याचें ‘तोमे’ केलें.

आतां आपल्या मराठीकडे वळूं. एक इंग्रज थॉमस १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास आला. ते येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स. साष्टींत त्यांनीं जवळजवळ चाळीस वर्षें काढलीं व १६१९ मध्यें गोव्यांतच देह ठेविला. नवख्रिस्ती लोकांनीं पुराणांच्या जागीं कांहीं वाचावयास मागितलें, तेव्हां त्यांनीं सुमारें ११,००० ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ मराठींत रचलें. तें १६१६ मध्यें रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. इंग्रजानें आपली भाषा आपली मानली, आणि आपण त्याच्या नांवाला परकें म्हणावें, हें आम्हांस शोभत नाहीं असें वाटतें.

कोणी म्हणतात, “पण तो तर संशयी!” किल्लारींत तरी हा आक्षेप जपून घ्यावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानें लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारें १०,००० माणसें गेलीं. ज्यांनीं दगडमातीच्या ढिगांतून आपलीं माणसें हातांनीं बाहेर काढलीं, त्यांना दुसऱ्याच्या तोंडचा शब्द लगेच पटावा अशी अपेक्षा कोण करील? थोमानें जखमा पाहूं मागितल्या. प्रभूनें त्याला हांकलून दिलें नाहीं. जखमा पुढें केल्या. शिवाय, बेथानीला जाण्यांत जिवाचें भय होतें तेव्हां “चला, त्याच्याबरोबर आपणहि मरूं” असें म्हणणारा हाच थोमा, हें लोक विसरतात.

धर्मसभेचा नियम विचाराल तर १९१७ च्या संहितेंत ख्रिस्ती नांवाचा आग्रह होता. आईबापांनीं ऐकलें नाहीं तर धर्मगुरूनें संताचें नांव जोडून दोन्हीं नांवें नोंदवावयाचीं. १९८३ च्या संहितेंत नांव ख्रिस्ती भावनेला परकें नसावें, एवढेंच सांगितलें आहे. त्यामुळें आनंद, करुणा हीं नांवेंहि आम्ही संतोषानें नोंदवितों. थॉमस ठेवाच असा हट्ट नाहीं. ज्यांना ठेवावयाचें असेल त्यांनीं थॉमस, तोमस, थोमा यांपैकीं कोणतेंहि रूप सांगावें. मात्र बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत व शाळेच्या दाखल्यांत एकच असूं द्यावें, नाहींतर पुढें कागदपत्रांसाठीं लातूरच्या खेपा पडतात.

या प्रेषिताचा सण पूर्वीं २१ डिसेंबरला येई. १९६९ च्या पंचांगसुधारणेपासून तो ३ जुलैला येतो. जुन्या प्रार्थनापुस्तकांत दुसरी तारीख दिसली तर आजीआजोबांशीं वाद घालूं नये.