डबा कोणी भरला?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजच्या सत्राचा विषय आहे ‘घरकामाचं मोल’, आणि मी बोलणार आहे जपानमधल्या जेवणाच्या डब्याबद्दल. तुम्ही म्हणाल, इथे रेशनचे, पाण्याचे, मारहाणीचे प्रश्न असताना ही बाई जपानला कुठे निघाली? पण डबा भरणं हे काम आपल्यापैकी प्रत्येकीच्या हातून गेलेलं आहे. इतकं अंगवळणी पडलेलं, की आपल्याला ते दिसतच नाही. दुसऱ्याच्या घरचा डबा उघडला की आपला दिसू लागतो.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर काही वर्षांनी मी प्रशिक्षणासाठी चार महिने टोकियोजवळच्या उपनगरात एका कुटुंबाकडे राहिले. घरातल्या बाई दुकानात अर्धवेळ नोकरी करायच्या. पहाटे पाचला उठून रोज तीन डबे भरायच्या: नवऱ्याचा, मुलीचा आणि स्वतःचा. माझा चौथा. दुसऱ्या आठवड्यापासून मी त्यांच्याशेजारी उभी राहून माझा डबा मीच भरू लागले, त्यामुळे ही विद्या थोडीफार शिकले.

या डब्याला तिथे बेन्तो म्हणतात. लहानसा चपटा डबा. एक सोपा हिशेब सांगितला जातो: तीन भाग भात, एक भाग मासे, मांस, अंडं किंवा टोफू, आणि दोन भाग भाज्या. अन्न गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही, नाहीतर वाफेचं पाणी होऊन ते नासतं. भाजीचं पाणी पिळून काढायचं. मोकळी जागा ठेवायची नाही, म्हणजे गाडीच्या गर्दीत डबा हलला तरी आतलं हलत नाही. भातावर उमेबोशी नावाचं खारवलेलं आंबट फळ ठेवायचं. दुपारी हे सगळं गारच खातात, म्हणून गार झालं तरी चांगले लागणारे पदार्थच निवडतात. सुट्टीच्या दिवशी दोन-तीन भाज्या करून ठेवायच्या, रात्रीच्या स्वयंपाकातलं थोडं आधीच बाजूला काढायचं. अशी तयारी असली की सकाळी वीस मिनिटांत डबा होतो.

नोकरी करणाऱ्या बाईला हे शहाणपण उपयोगाचं आहे. पैसे वाचतात, पोटाला बरं पडतं. डब्याला माझा विरोध नाही. माझा प्रश्न वेगळा आहे: पाच वाजता उठतं कोण, आणि डबा बिघडला तर बोलणी कोण खातं?

अ‍ॅन अ‍ॅलिसन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंचा मुलगा जपानमध्ये बालवाडीत जात होता. त्या अनुभवावर त्यांनी १९९१ मध्ये एक लेख लिहिला. मुलाने डबा पूर्ण संपवला की नाही यावर शिक्षिकांचं लक्ष असायचं, आणि डब्यावरून आईचीही पारख व्हायची. म्हणजे परीक्षा मुलाची आणि आईचीही. पुढे भाताची अस्वलं, अंड्याची मांजरं करायची चढाओढ लागली. मोठ्यांचंही तसंच. नवऱ्याने कचेरीत नेलेल्या सुंदर डब्याला तिथे ‘आइसाई बेन्तो’, म्हणजे प्रेमळ बायकोचा डबा, असं नाव आहे. नाव गोड आहे. पण कामाला एकदा प्रेम म्हटलं, की त्याचे तास मोजता येत नाहीत, त्यातून सुट्टी मागता येत नाही, आणि एखाद्या दिवशी ते केलं नाही तर प्रेमच कमी पडलं असं ठरतं.

तिथल्या बायका हे मुकाट्याने ऐकून घेत होत्या असं समजू नका. १९७५ मध्ये हाऊस या खाद्यपदार्थांच्या कंपनीने झटपट नूडल्सची एक जाहिरात दूरदर्शनवर दिली. तिच्यात बाईच्या तोंडी ‘मी बनवणारी’ आणि पुरुषाच्या तोंडी ‘मी खाणारा’ अशी वाक्यं होती. आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या निमित्ताने एकत्र आलेल्या स्त्रियांच्या गटाने निषेध केला. वर्तमानपत्रांनी आणि साप्ताहिकांनी त्यांची टर उडवली. तरी त्याच वर्षी ऑक्टोबरात जाहिरात थांबवावी लागली. आणि त्याच १९७५ साली आपल्या मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया संघटित झाल्या, बँकेचं कर्ज मागू लागल्या. स्वयंपाक हे काम आहे, एवढंच तर दोन्हीकडच्या बाया सांगत होत्या.

आता आकडे ऐका. जपान सरकारच्या २०२१ च्या पाहणीत, सहा वर्षांखालचं मूल असलेल्या जोडप्यांमध्ये घरकाम आणि मुलांचं करणं यात बायकोचे दिवसाला ७ तास २८ मिनिटं जात होती, नवऱ्याचे १ तास ५४ मिनिटं. भारत सरकारच्या २०२४ च्या पाहणीत बिनपगारी घरकामाला स्त्रिया दिवसाला २८९ मिनिटं देत होत्या, पुरुष ८८. ही सरासरीसुद्धा फक्त घरकाम करणाऱ्यांची. ज्यांनी त्या दिवशी इकडची काडी तिकडे केली नाही, ते यात धरलेलेच नाहीत.

बदल होतो, पण तो दोन बाजूंनी व्हावा लागतो. एक बाजू घरातली. २००८ च्या मंदीनंतर जपानमध्ये स्वतःचा डबा स्वतः करणारे पुरुष दिसू लागले आणि त्यांना ‘बेन्तो दान्शी’ असं नाव मिळालं. चांगलंच झालं. पण पुरुषाने स्वतःपुरता डबा भरला की त्याची बातमी होते, बाईने तीस वर्षं चौघांचा भरला तरी होत नाही, हेही लक्षात घ्या. दुसरी बाजू सरकारची. तिथे शालेय भोजनाचा कायदा १९५४ चा. बहुतेक प्राथमिक शाळांत मुलांना शाळेतच जेवण मिळतं, म्हणजे तेवढे डबे आईच्या ओट्यावरून उतरले. योकोहामा शहरात पालिकेच्या माध्यमिक शाळांत मात्र घरच्या डब्याचीच रीत होती. नागरिकांनी वर्षानुवर्षं सह्यांच्या मोहिमा चालवल्या, तेव्हा २०२१ मध्ये तिथे शालेय भोजन सुरू झालं.

आणि हा विषय किरकोळ नाही. मी ज्या समुपदेशन केंद्रात काम करते, तिथे तक्रार लिहून घेताना आम्ही विचारतो, ‘भांडण कशावरून झालं?’ उत्तर येतं, ‘डब्यावरून, ताई.’ डबा उशिरा झाला, भाजी खारट झाली, कालचीच भाजी दिली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बाईला मारणं योग्य वाटतं का, हे विचारताना जी कारणं वाचून दाखवतात, त्यात ‘नीट स्वयंपाक केला नाही’ हेही एक आहे. सरकारला हा प्रश्न विचारावा लागतो, यातच सगळं आलं.

म्हणून माझी तुम्हाला एक विनंती आहे. पुढच्या बैठकीपर्यंत सात दिवस एका कागदावर लिहा: आज घरात किती डबे भरले, कोणी भरले, किती वाजता उठून, किती वेळ लागला, रिकामे डबे कोणी घासले. लिहिता येत नसेल तर मुलीकडून नको, मुलाकडून लिहून घ्या. हात धडधाकट असलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाने आठवड्यातून निदान एक दिवस आपला डबा आपण भरावा, एवढी मागणी घरात मांडा. काय उत्तर मिळालं तेही त्याच कागदावर लिहा. बैठकीत सगळ्यांचे कागद एकत्र वाचू, आणि मग शाळेकडे, पंचायतीकडे आणि कारखान्याकडे काय मागायचं ते ठरवू.