साथ, सरकार आणि लोकमत

साथीच्या दिवसांत लोक अडाणीपणानें सरकारशीं झगडतात, असें अंमलदार म्हणतात. आणि सरकारला माणुसकी नसते, असें लोक म्हणतात. यांत खरें किती, हें पारखण्यास १८९७ सालच्या पुण्याच्या प्लेगाइतकें बोधप्रद उदाहरण महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल.

प्लेग, ज्याला त्या काळीं ग्रंथिक सन्निपात असेंही म्हणत, प्रथम मुंबईस आला. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं तो ओळखला. ऑक्टोबरांत म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनीं रोग्यास प्रसंगीं बळानेंही इस्पितळांत नेण्याचा हुकूम काढला. त्याच महिन्यांत गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला, आणि हुकूम सैल करणें भाग पडलें. लाखो लोक शहर सोडून निघाले. त्यांच्याबरोबर रोगही निघाला. तेव्हां ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. कलमें अवघीं चार; परंतु त्यांनीं सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले.

पुण्यांत हे अधिकार रँडसाहेबांच्या हातीं आले. १३ मार्चपासून गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या घरोघर रोगी शोधूं लागल्या. सोल्जर बुटांसह स्वयंपाकघरांत व देवघरांत शिरत, सामान बाहेर काढून जाळीत, घरांतील माणसांना विलगीकरणाच्या छावणींत पाठवीत. रोगी शोधणें व वेगळा ठेवणें या गोष्टी वैद्यकदृष्ट्या त्या काळीं योग्यच मानल्या जात. मग पुणेकर कशानें दुखावले?

याचें उत्तर त्याच शहरांत मिळतें. सोल्जर घरांत शिरण्यापूर्वीं तीनच दिवस, १० मार्च रोजीं, सावित्रीबाई फुले प्लेगानें वारल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनीं गांवाबाहेर दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई तेथें रोग्यांना नेत व त्यांची शुश्रूषा करीत, आणि त्यांतच त्यांना रोगानें गांठलें. रोग्यास घरांतून हलविण्याचें काम दोहोंकडे एकच होतें. एके ठिकाणीं मात्र तें बंदुकवाल्याच्या हातून होत होतें, तर दुसऱ्या ठिकाणीं रोग्याबरोबर मरण्यास सिद्ध असलेल्या बाईच्या हातून.

लोकमताचे पुढारीही स्वच्छतेच्या उपायांविरुद्ध नव्हते. टिळक शहर सोडून गेले नाहींत; हिंदूंसाठीं इस्पितळ काढण्यांत त्यांनीं पुढाकार घेतला, आणि गांव टाकून गेलेल्या प्रतिष्ठितांना ‘केसरी’नें खडसावलें. त्यांचा रोष जुलमावर होता. तथापि लोकमत नेहमींच नि:शंक सत्य बोलतें असेंही नाहीं. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनीं विलायतेंत सोल्जरांवर स्त्रियांच्या बेअब्रूचे आरोप केले. परत आल्यावर पुरावा मिळेना, तेव्हां त्यांना जाहीर माफी मागावी लागली. जेथें तक्रार ऐकण्याचें दार बंद असतें, तेथें खरें दु:ख आणि ऐकीव वार्ता एकाच वाटेनें फिरूं लागतात.

२२ जून रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनीं रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. दोघेही प्राणांस मुकले. प्लेग मात्र गेला नाहीं. १८९८ च्या मार्चांत मुंबईंत मदनपुऱ्यांतील विणकऱ्यांच्या वस्तींत एका आजारी मुलीस नेण्यावरून दंगल उसळली. पुढें सरकारनें सक्ती कमी केली व समाजांतील वजनदार माणसांची मदत घेण्याचें धोरण धरलें. हें शहाणपण उशिरा आलें, आणि त्याचें मोल फार पडलें.

तोच कायदा २०२० च्या मार्चांत करोनाच्या साथीसाठीं पुन्हा बाहेर निघाला. आरंभीं लोकांनीं टाळ्या-थाळ्या वाजवून शुश्रूषकांचा गौरव केला आणि घरीं बसण्याचा हुकूम मोठ्या प्रमाणावर मानला. परंतु मजूर बायकामुलांसह शेंकडों मैल पायीं निघाले, तेव्हां हुकुमापूर्वीं त्यांचा विचार कोणी केला होता काय, हा प्रश्न उभा राहिला. कांहीं ठिकाणीं डॉक्टरांवरच हल्ले झाले, व एप्रिलांत त्यांच्या रक्षणासाठीं त्या जुन्या कायद्यांत दुरुस्ती करावी लागली. याच्या उलट धारावीच्या दाट वस्तींत महानगरपालिकेनें तेथल्याच खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन घरोघर तपासणी केली. विलगीकरण झालेल्यांच्या जेवणाचीही सोय पाहिली. जुलैमध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनीं धारावीचें उदाहरण जगापुढें ठेवलें.

दार ठोठावणें पुण्यांतही होतें, धारावींतही होतें. दाराआडच्या माणसाला ठोठावणारा कोण वाटतो, यावरच पुष्कळसें अवलंबून असतें. कायदा दार उघडवूं शकतो; आजाऱ्याला पांघरुणाखालीं लपवूं नये, अशी बुद्धि तो आईला देऊं शकत नाहीं. ती विश्वासानें येते, आणि तो विश्वास साथ येण्यापूर्वींच मिळवून ठेवावा लागतो.