लघवीची दुखणी अंगावर काढू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात असा विषय ठेवलात, याबद्दल प्रथम आपल्या कार्यकारी मंडळाचे अभिनंदन करते. डोके दुखते हे आपण चारचौघींत सांगतो; लघवीला आग होते हे मात्र सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. आधी अकोल्यात आणि पुढे अमरावतीत मी रोगी तपासले. रोगापेक्षा लाजेनेच दुखणे वाढलेले मी पुष्कळदा पाहिले. म्हणून आज उघड बोलणार आहे.

आपली दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग रक्तात परत जातो आणि एक ते दोन लिटर लघवी उरते. ती मूत्राशयात साठून मूत्रमार्गाने बाहेर पडते. पुरुषाचा हा मार्ग सुमारे २० सेंटिमीटर लांब, तर स्त्रीचा अवघा ४ सेंटिमीटर. शिवाय तो गुदद्वाराच्या जवळ. आतड्यातल्या जंतूंना एवढी वाट फार सोपी होते. सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी ही लागण होते. तेव्हा यात कोणाचे वागणे वाईट आहे असे समजू नये आणि सुनेला तर मुळीच बोल लावू नये.

आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पाणी कमी पडले की लघवी दाट होते, आग होते. याला आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो. पाणी वाढवले की ती बहुधा थांबते. धन्याचे पाणी, ताक जरूर घ्यावे. पण घटकाघटकाला जावे लागते, थेंब थेंब होते, ओटीपोट दुखते, लघवी गढूळ दिसते, असे असेल तर ती नुसती उन्हाळी नव्हे. लघवी तपासून घ्यावी. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागले, उलट्या झाल्या, तर लागण मूत्रपिंडापर्यंत पोचली असे समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता बायकांचे मूळ दुखणे सांगते. एका खेड्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या बाई माझ्याकडे वर्षात चौथ्यांदा आल्या. औषधाने बरे वाटे, पुन्हा उलटे. विचारता विचारता कळले की शाळेत बायकांसाठी धड सोय नाही, म्हणून त्या घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत पाणीच पीत नाहीत. वावरात निंदण-वेचणी करणाऱ्या बाईचे, एस. टी.ने लांब जाणाऱ्या बाईचे हेच. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात. औषधाची बाटली या कारणावर कशी पुरी पडावी?

गरोदरपणी तर काही त्रास नसतानाही लागण असू शकते आणि ती आईला व बाळाला धोक्याची ठरते. म्हणून त्या काळात लघवीची तपासणी चुकवू नये. मधुमेह असणाऱ्यांनी आणि पाळी गेलेल्या स्त्रियांनीही विशेष जपावे.

बंधूंनो, तुमचीही सुटका नाही. पन्नाशीनंतर प्रोस्टेट ग्रंथी वाढू लागते. धार बारीक होते, रात्री तीनतीनदा उठावे लागते. ‘वय झाले’ म्हणून गप्प बसणारे गृहस्थ लघवी पुरती अडल्यावर मध्यरात्री दवाखान्यात आणावे लागतात. मूतखडाही पुरुषांत अधिक. कुळथाचे कढण प्यायचे तर प्या, पण सोनोग्राफी करून खडा केवढा, कुठे, हे पाहून घ्या. आणि लघवीत रक्त दिसले, एकदाच व न दुखता का होईना, तर स्त्री असो वा पुरुष, तपासणी झालीच पाहिजे.

पाण्याविषयी बोलताना पूर्णेकाठचा खारपाणपट्टा विसरता येत नाही. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. तिथल्या विहिरींचे पाणी खारे, आणि मूत्रपिंडाच्या दुखण्याची तक्रार त्या गावांत फार. वान आणि शहानूर धरणांचे गोडे पाणी नळाने काही गावांना मिळू लागले. ज्या गावाचा नळ कोरडा, तिथल्या बाईला ‘पाणी भरपूर प्या’ असे नुसते सांगणे ही थट्टाच होय.

घरी पाळण्याजोगे नियम थोडेच आहेत. लघवी फिकट राहील इतके पाणी प्यावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारावे. तीन-चार तासांनी जाऊन यावे. स्वच्छता करताना हात पुढून मागे न्यावा. औषधाच्या गोळ्या बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत, आणि शेजारणीची चिठ्ठी आपल्याला चालवू नये. दुखण्यावरच्या गोळ्या मनाने सतत घेतल्यास मूत्रपिंडे बिघडतात. अमरावतीचे डफरीन, अकोल्याचे लेडी हार्डिंग ही सरकारी स्त्री रुग्णालये आपल्यासाठीच आहेत.

शेवटी मंडळाला एक काम सुचवते. २०११ साली मुंबईत काही संस्थांनी स्त्रियांसाठी स्वच्छ, विनामूल्य मुताऱ्या मागितल्या आणि ती मागणी गाजली. आपला जिल्हा तर गाडगेबाबांचा. शेंडगावी जन्मून १९५६ साली वलगावजवळ देह ठेवीपर्यंत त्यांनी हातातला खराटा सोडला नाही. आठवडी बाजारात, मुलींच्या शाळेत, बसस्थानकावर बायकांची सोय आहे का, दार लागते का, आत पाणी आहे का, एवढे आपल्यातल्या चौघींनी जाऊन पाहावे आणि लेखी अर्ज द्यावा. तो सुटेपर्यंत पाठपुरावा करावा. त्याने जितकी दुखणी टळतील तितकी माझ्या औषधांनी टळणार नाहीत.