एका अक्षराची चूक
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



साठ वर्षांपूर्वी या शाळेचा पहिला वर्ग भरला, त्याच सुमारास जगातील प्रयोगशाळांमध्ये जीवसृष्टीच्या लिपीचे वाचन पूर्णत्वास येत होते. डीएनएमधील अक्षरांवरून शरीरातील प्रथिने कशी घडतात, याचा उलगडा केल्याबद्दल १९६८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांना मिळाले. त्यांतील एक हरगोविंद खुराना. अखंड पंजाबातील रायपूर नावाच्या, जेमतेम शंभर वस्तीच्या खेड्यात पटवाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. लिहिता-वाचता येणारे कुटुंब त्या गावात जवळजवळ तेवढे एकच होते. खेड्यातील अक्षरओळखीपासून जीवनाच्या अक्षरओळखीपर्यंतचा हा प्रवास शाळेच्या उत्सवप्रसंगी आठवावा असा आहे.

ही लिपी वाचता आली, परंतु तिचा रुग्णाला उपयोग काय झाला? या प्रश्नाचे उत्तर सिकलसेल या एका आजाराच्या इतिहासातून मिळते. विदर्भ, मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा, गुजरात या विस्तीर्ण पट्ट्यात हा आजार आढळतो. आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण अधिक असले, तरी इतर अनेक समाजांतही तो आहे.

शुद्धलेखनाच्या वहीत ऱ्हस्व वेलांटीच्या जागी दीर्घ वेलांटी पडली, की ‘दिन’चा ‘दीन’ होतो. सिकलसेलमध्ये नेमके असेच घडते. मानवी डीएनएमध्ये सुमारे तीन अब्ज अक्षरे आहेत. हिमोग्लोबिनच्या एका साखळीची कृती सांगणाऱ्या जनुकात त्यांतील केवळ एक अक्षर बदलते. परिणामी १४६ अमिनो आम्लांच्या त्या साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते. असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटते आणि गोल, लवचीक रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. अशा पेशी लवकर नष्ट होतात, म्हणून रक्तक्षय होतो. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडासांध्यांत असह्य वेदना उठतात.

विळ्याच्या आकाराच्या या पेशींचे वर्णन शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये केले. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. त्यानंतर काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमके कोणते अमिनो आम्ल बदलते ते शोधले. चूक सापडली, परंतु ती दुरुस्त करणारी लेखणी कोणाच्याही हाती नव्हती. रुग्णांच्या कित्येक पिढ्यांना ज्ञान असूनही उपचार लाभला नाही.

वाट सापडली ती एका साध्या निरीक्षणातून. हा आजार घेऊन जन्मलेल्या अर्भकांना पहिले काही महिने त्रास होत नाही, हे न्यूयॉर्कच्या डॉक्टर जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये नोंदवले होते. गर्भावस्थेत बाळाचे हिमोग्लोबिन निराळे असते. जन्मानंतर ते हळूहळू बंद होते आणि त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन घेते. हे गर्भकालीन हिमोग्लोबिन बंद करणारा स्विच म्हणजे बीसीएल-अकरा-ए नावाचे जनुक, असे २००८ च्या सुमारास संशोधकांना उमगले. मग प्रश्न एवढाच उरला की, हा स्विच पुन्हा उलटा फिरवता येईल का?

त्याचे साधन जिवाणूंकडे होते. विषाणूंचा हल्ला परतवण्यासाठी जिवाणू त्यांच्या जनुकीय मजकुराची खूण जपून ठेवतात आणि तो मजकूर पुन्हा दिसताच तेथेच कापतात. या यंत्रणेतून इमॅन्युएल शार्पंतिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये ठरावीक जागी डीएनए कापणारी ‘क्रिस्पर’ कात्री सिद्ध केली. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

यावर आधारलेल्या उपचारात रुग्णाच्याच रक्ताच्या मूलपेशी बाहेर काढतात, त्यांतील तो स्विच कात्रीने निकामी करतात आणि पेशी पुन्हा शरीरात सोडतात. मूळ चूक तशीच राहते. मात्र बालपणीचे निर्दोष हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये बारा वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी या उपचारास मान्यता दिली. मान्यतेच्या वेळी पुरेसा काळ निरीक्षणाखाली राहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जण सलग वर्षभर तीव्र वेदनांच्या झटक्यांपासून मुक्त राहिले होते.

यश मोठे, तशी त्याची किंमतही मोठी. नव्या पेशींना जागा करून देण्यासाठी आधी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते. रुग्णालयात दीर्घकाळ राहावे लागते आणि वंध्यत्वाचा धोका संभवतो. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे अठरा कोटी रुपये ठेवली गेली. मेळघाटातील किंवा बस्तरमधील कुटुंबाला हा आकडा उच्चारणेही कठीण. म्हणूनच दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत याच आजारावर स्वदेशी जनुक-संपादनाचे जे काम चालले आहे, त्याचे मोल विशेष आहे.

तोपर्यंत करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि ते स्वस्त आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. ही तपासणी रक्ताच्या थेंबभर नमुन्यावर होते. सदोष जनुक आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडूनच आले, तर ती व्यक्ती वाहक असते. वाहक हा रुग्ण नव्हे. तो सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. मात्र आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. लग्न ठरवताना पत्रिका पाहणाऱ्या घरांनी रक्ताचा हा एक कागदही पाहावा. तो कोणाला नाकारण्यासाठी नसून, पुढचा निर्णय जाणतेपणी घेण्यासाठी आहे.

या आजारात जितका त्रास देहाला होतो, तितकाच कलंकाच्या भीतीने मनाला होतो. मूल आजारी निघाले की दोष सुनेच्या माहेरावर ढकलला जातो. विज्ञान मात्र सांगते, की आजारी अपत्याला ते अक्षर दोन्ही बाजूंनी सारखेच मिळालेले असते. वर्गातही वारंवार गैरहजर राहणारे, खेळाच्या तासाला मागे बसणारे मूल आळशी ठरते. कदाचित त्याच्या हाडांत कळ उठत असेल. पुरेसे पाणी, थंडीपासून बचाव, वेळेवर लसीकरण आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया हे गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढवणारे औषध, यांनी अशा मुलाचे आयुष्य पुष्कळ सुसह्य होते.

माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर आहेत, तंत्रज्ञ आहेत, वस्त्या-पाड्यांत काम करणारे कार्यकर्ते आहेत. पालकांत उद्याच्या वधूवरांचे आईवडील आहेत. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने प्रत्येकाने आपल्या घरापुरती ही तपासणी करून घेतली आणि तिचा निकाल न लपवता सांगितला, तरी मोठे काम होईल. चूक दिसली की वहीवर लाल शाईने खूण करावी, पण ती लिहिणाऱ्या मुलाला कमी लेखू नये, हे शाळेने साठ वर्षे शिकवले. तीच दृष्टी आता रक्तातील चुकीकडे पाहताना हवी.