स्वस्त सेन्सर आणि हवेची मोजणी

जर्मनीतील स्टुटगार्ट शहर टेकड्यांनी वेढलेल्या खोलगट भागात वसलेले असल्यामुळे हिवाळ्यात वारा पडला की वाहनांचा धूर तेथेच कोंडून राहतो, आणि नेकारटोर या वर्दळीच्या ठिकाणी असलेल्या सरकारी केंद्रावर धुळीचे प्रमाण अनेक वर्षे मर्यादेबाहेर नोंदले जात होते. परंतु एका केंद्राच्या आकड्यावरून दोन गल्ल्यांपलीकडची हवा कळत नाही, आणि सरकारी दर्जाची यंत्रे इतकी महाग असतात की ती गल्लोगल्ली बसवता येत नाहीत. म्हणून २०१५ साली तेथील स्वयंसेवकांनी नागरिकांना घरी जोडता येईल असा मापक तयार केला. हाच उपक्रम आज सेन्सर कम्युनिटी या नावाने अनेक देशांत पसरला आहे.

या मापकातील एसडीएस०११ सेन्सरचा चिमुकला पंखा हवा आत ओढतो, लेसरच्या झोतातून जाणारे धूलिकण प्रकाश विखुरतात, आणि त्या विखुरलेल्या प्रकाशावरून पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंत व्यासाचे, फुफ्फुसात खोलवर शिरणारे कण हवेत किती आहेत याचा अंदाज बांधला जातो. वाय-फायची सोय असलेला छोटा बोर्ड हे आकडे दर काही मिनिटांनी पाठवतो. सगळी जुळणी सांडपाण्याच्या प्लास्टिक पाइपच्या दोन एल्बोंमध्ये बसते. दोन्ही तोंडे खाली ठेवल्याने पाऊस आत येत नाही आणि हवा मात्र खेळती राहते. इतके साधे आणि इतके चोख कवच क्वचितच पाहायला मिळते.

अशा सेन्सरची खरी कसोटी दमट हवेत लागते. आर्द्रता साधारण सत्तर टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी शोषून फुगतात, आणि सरकारी यंत्रांप्रमाणे हवा कोरडी करून घेण्याची सोय येथे नसल्याने धुकेही धूळ म्हणून मोजले जाते. कोकणासारख्या किनारपट्टीवर तर ही अडचण आणखी मोठी ठरते. म्हणूनच मापक काही आठवडे सरकारी केंद्राशेजारी ठेवून, दोन्हींचे आकडे ताडून दुरुस्तीचे सूत्र काढावे लागते. हे काम कंटाळवाणे असले तरी ते टाळून लावलेले शंभर सेन्सर लोकांना विनाकारण घाबरवतात किंवा खोटा दिलासा देतात. स्टुटगार्टच्या स्वयंसेवकांनी आर्द्रतेची नोंद असलेले मूळ आकडे सर्वांना खुले ठेवले आहेत, त्यामुळे नवे सूत्र हाती आले की जुन्या नोंदीही पुन्हा तपासता येतात.