ब्लूबेल : बी ते फूल

एप्रिल-मेमध्ये ब्रिटनमधली जुनी जंगलं ब्लूबेलच्या फुलांनी निळीजांभळी होतात. हे झाड जमिनीतल्या कांद्यातून वाढतं. पण जमीनमालकाच्या परवानगीशिवाय रानातला कांदा उपटणं तिथे १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि १९९८ पासून असे कांदे विकायलाही बंदी आहे.

म्हणून ब्लूबेल वाढवायचा खरा मार्ग बियांचा. बागेतल्या मूळ ब्रिटिश ब्लूबेलची बोंडं जुलैच्या सुमारास वाळतात, आत काळं चकचकीत बी असतं. स्पॅनिश जातीचं ब्लूबेल शेजारी असेल तर संकर होतो, तेव्हा ते जवळ नसलेल्या झाडाचंच बी घ्यावं. बी ताजंच कुंडीत पेरावं, वर पालापाचोळ्याच्या खताचा पातळ थर द्यावा आणि कुंडी सावलीत उघड्यावर ठेवावी. आधी उन्हाळ्याची ऊब, मग हिवाळ्याची थंडी मिळाली की बी रुजतं. पहिलं पान गवताच्या पात्यासारखं दिसतं; तण समजून उपटू नका. कांदा हळूहळू पोसतो, त्याची मुळं आकसून त्याला खोल ओढतात. फूल यायला चार-पाच वर्षं, कधी जास्तही लागतात.

आपल्याकडे कोकणच्या सड्यांवर पावसाच्या आरंभी फुलणारी दीपकाडी ब्लूबेलच्याच कुळातली. तिचाही कांदा जमिनीतच राहू द्या.